पाठीचा कणा : त्याचे सांधे, त्याचे बंध आणि त्याच्यावरचे ओझे

कामगार चळवळीतल्या माणसाने व्यासपीठावरून पगारवाढीविषयी बोलावे, बोनसविषयी बोलावे. पाठीच्या मणक्यांशी त्याचा काय संबंध, असा प्रश्न विषयपत्रिका पाहून काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. गोणी वाहणाऱ्या हमालाजवळ भांडवल म्हणून एकच वस्तू असते, ती म्हणजे त्याची पाठ. मालट्रकचा पाटा तुटला तर दुसरा बसवून ट्रक संध्याकाळी पुन्हा घाटाला लागतो. हमालाची कंबर धरली, की घरातली चूल त्याच दिवसापासून मंदावते. म्हणून ज्या वस्तूवर इतक्या संसारांचा भार आहे तिची रचना कशी असते, हे आपण सर्वांनीच समजून घेतले पाहिजे.

मी डॉक्टर नाही. जे काही सांगणार आहे ते वाचनालयातल्या पुस्तकांतून, डॉक्टरमंडळींना विचारून विचारून आणि पाठ धरून युनियनच्या कचेरीत येणाऱ्या माणसांकडून शिकलो आहे.

कणा म्हणजे एक हाड नव्हे

कणा हा शब्द आपण एकवचनी वापरतो, त्यामुळे पाठीत एखादा वासा उभा असावा अशी कल्पना होते. प्रत्यक्षात ती ३३ मण्यांची माळ आहे. ‘मणका’ ह्या शब्दातच ते आले. मानेत ७, छातीच्या मागे १२ आणि कमरेत ५ असे २४ मणके हलणारे. त्याखालचे ५ मोठेपणी जुळून एक त्रिकोणी हाड होते, त्याला त्रिकास्थी म्हणतात. आणि शेवटचे बहुधा ४ जुळून माकडहाड होते.

ही माळ सरळही नाही. मानेत ती पुढे झुकते, छातीमागे मागे जाते, कमरेत पुन्हा पुढे येते आणि त्रिकास्थीपाशी मागे वळते. तान्ह्या मुलाच्या पाठीला एकच बाक असतो. मूल मान धरू लागले की मानेचा बाक येतो, उभे राहून चालू लागले की कमरेचा येतो. ह्या वळणांमुळे कण्याला स्प्रिंगचा गुण मिळतो. पायरीवरून उतरताना बसणारा हादरा सरळ मेंदूपर्यंत जात नाही, वाटेतच जिरतो.

प्रत्येक मणक्याचे दोन भाग करून पाहावे. पुढचा भाग जाड व गोलसर. तो ओझे वाहतो. मागचा भाग कमानीसारखा. अशा कमानी एकावर एक येऊन बोगदा तयार होतो आणि त्यातून मज्जारज्जू खाली येतो. कमानीला पंखांसारखी टोके असतात. पाठीवरून बोट फिरवताना जे उंचवटे लागतात ती त्यांपैकी मधली टोके होत. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटासारखा मज्जातंतूंचा झुबका उतरतो.

तीन पायांची तिवई

आता सांध्यांकडे वळू. मानेचे सर्वांत वरचे दोन मणके सोडले, तर कोणतेही दोन शेजारी मणके तीन ठिकाणी एकमेकांना भिडतात. पुढे एक चकती, मागे डावी-उजवीकडे दोन लहान सांधे. जणू तिवईचे तीन पाय. एक पाय झिजला की उरलेल्या दोघांवर भार वाढतो, हे लक्षात ठेवावे.

चकतीला आपण ‘मणक्याची गादी’ म्हणतो. अशा २३ गाद्या आहेत आणि कण्याची सुमारे पाव लांबी त्यांनी व्यापली आहे. गादीच्या मध्यभागी पाण्याने भरलेला, जेलीसारखा मऊ गर असतो. त्याच्याभोवती चिवट तंतूंची १५ ते २५ वलये, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. एका वलयातले तंतू उजवीकडे तिरपे, तर पुढच्या वलयातले डावीकडे तिरपे, बुरुडाच्या विणीप्रमाणे. सरळ दाबाला ही वीण फार चांगली टिकते. पण पिळा दिला की एका दिशेचे तंतू ताणले जातात आणि दुसऱ्या दिशेचे सैल पडतात. म्हणजे पीळ पडतो तेव्हा गादीचे निम्मेच कामगार कामावर असतात!

ह्या गादीत मोठ्या माणसात जवळजवळ रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरखालच्या हाडांतून झिरपून येते. दिवसभर भाराखाली तिच्यातले पाणी थोडे पिळून निघते, रात्री आडवे झाल्यावर ती ते परत शोषून घेते. म्हणून माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सुमारे एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो. गादीला काम हवे आणि विश्रांतीही हवी. एकाच स्थितीत तासन् तास बसणे तिला मानवत नाही, आणि दिवसाचे सोळा तास ओझे वाहणेही मानवत नाही.

मागचे दोन सांधे गुडघ्याच्या जातीचे आहेत. हाडाच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा, भोवती पिशवी आणि आत वंगण. त्यांची तोंडे ज्या दिशेला, त्या दिशेला हालचाल. मानेत ती तिरपी आहेत, म्हणून मान चौफेर फिरते. छातीत फिरण्याला सांध्यांची हरकत नसते, पण बरगड्या आवरून धरतात. कमरेत ती उभी व समोरासमोर आहेत. म्हणून कंबर पुढेमागे छान वाकते, पण पिळली जात नाही. कमरेचा एकेक मणका दोन-तीन अंशांपलीकडे वळत नाही. ‘कमरेतून वळलो’ असे आपण म्हणतो तेव्हा खरे वळणे बरेचसे छातीच्या मणक्यांत आणि खुब्यांत होत असते.

वरच्या दोन मणक्यांची गोष्ट वेगळी. कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यात आपण ‘हो’ म्हणतो. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या सांध्यात ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्या मणक्याला वर एक खुंटी आहे आणि तिच्याभोवती पहिला मणका जात्याच्या तळीसारखा फिरतो. मानेच्या एकूण फिरण्यापैकी जवळजवळ निम्मे ह्या एका जागी होते. ती खुंटी मागे मज्जारज्जूवर जाऊ नये म्हणून तिच्यामागून एक आडवा बंध घट्ट बांधलेला असतो. त्या बोटभर बंधावर माणसाचा जीव असतो.

हाडाला हाड बांधणारे दोर

बंध आणि कंडरा यांत पुष्कळदा घोटाळा होतो. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा. हाडाला हाडाशी बांधतो तो बंध. बंध आपण होऊन आखडत नाही, तो फक्त आवरतो. त्याचे तंतू विसाव्याच्या वेळी लहरींसारखे दुमडलेले असतात. प्रथम सहज ताणतात, मग ताठ होतात आणि त्यापलीकडे ओढ लागली तर तुटू लागतात.

कण्याचे मुख्य बंध असे. मणक्यांच्या पुढून कवटीच्या तळापासून त्रिकास्थीपर्यंत एक रुंद, भक्कम पट्टा जातो; तो पाठ फार मागे वाकू देत नाही. मणक्यांच्या ओझेवाहू भागाच्या मागून, म्हणजे बोगद्याच्या आतल्या अंगाने, दुसरा लांब पट्टा जातो. तो पुढे वाकण्याला आवर घालतो. मात्र हा पट्टा मानेत रुंद असून कमरेत अरुंद होतो. जिथे भार सर्वांत जास्त, तिथेच बांधणी चिंचोळी! म्हणून कमरेची गादी फुगते तेव्हा ती बहुधा ह्या पट्ट्याच्या बाजूने, मागे आणि किंचित डावी-उजवीकडे बाहेर येते. आणि नेमक्या त्याच जागेजवळून पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूचे मूळ जाते. दुखणे कमरेत आणि कळ पोटरीपर्यंत, हे सायटिकाचे कोडे असे उलगडते. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार ह्या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली हा संबंध स्पष्टपणे मांडला.

तिसरा पिवळा बंध. तो एका कमानीपासून दुसरीपर्यंत जातो. शरीरातले बहुतेक बंध पांढरे आणि कमी ताणणारे. हा मात्र रबरासारखा. आपण वाकून सरळ झालो की तो आपोआप आटोपतो, बोगद्यात त्याची घडी पडत नाही. उतारवयात तो जाड होतो आणि बोगदा अरुंद करण्यात हातभार लावतो. चौथा गट मागच्या टोकांमधल्या आणि टोकांवरून जाणाऱ्या बंधांचा. मानेत ह्यांचाच पुढचा भाग म्हणजे मानेचा मोठा बंध. माणसात तो साधारण असतो. बैलात तो जाडजूड व लवचिक असतो, म्हणून चरताना खाली घातलेले जड डोके तो सहज पेलतो. पाचवा, कमरेच्या शेवटच्या मणक्याला दोन्हीकडच्या कमरेच्या हाडांशी जखडणारा. हा मणका उतारावर बसलेला आहे. आंबेनळी घाटात उभ्या केलेल्या ट्रकच्या चाकाखाली दगड लावतात, तेच काम हा बंध आयुष्यभर करतो.

हिशेब तागडीचा

आता मुख्य मुद्दा. गोणी २० किलोची असली म्हणजे कमरेवर २० किलोच भार पडतो, असे आपण धरून चालतो. शरीर तसे चालत नाही. कमरेची गादी हा तागडीचा टेकू समजा. पुढच्या बाजूला हातातले ओझे, मागच्या बाजूला पाठीचे स्नायू. स्नायू टेकूपासून फार तर ५ सेंटिमीटर मागे आहेत. ओझे ५० सेंटिमीटर पुढे धरले तर ते दहापट लांब झाले. ते तोलायला स्नायूंना २० च्या दहापट, म्हणजे २०० किलोची ओढ द्यावी लागते. गादीवर मग स्नायूंची ओढ, ओझे आणि वाकलेल्या धडाचे वजन असे तिन्ही पडतात. तेच ओझे २५ सेंटिमीटरवर आणले की ओढ निम्मी होते. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

तो प्रत्यक्षातही तपासला गेला आहे. स्वीडनच्या नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात गादीत सुई घालून दाब मोजण्याची वाट पाडली. पुढे १९९९ साली जर्मनीतील विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या गादीत दाबमापक बसवून आकडे घेतले. उभे असताना जो दाब होता, त्याच्या चौपटीहून अधिक दाब २० किलोचे ओझे पाठ वाकवून उचलताना झाला. गुडघे वाकवून उचलल्यावर तो साडेतीन पटीच्या आत आला, आणि ओझे अंगालगत धरल्यावर सव्वादोन पटीच्या आसपास.

आपल्या जुन्या हमालांची रीत ह्या कसोटीवर पाहा. दोघे उचलून देणार आणि तिसरा पाठीवर घेणार. पाठीवरची गोणी कण्याला लागून असते, टेकूपासूनचे अंतर थोडे राहते. धोका वाहण्यात असतो, पण त्याहून अधिक तो जमिनीवरून उचलण्यात असतो, आणि ती उचल रीतीने दोघांत वाटली होती. माणसे कमी करण्याच्या नादात हा उचलून देणारा दुसरा माणूस जेव्हा काढून टाकला जातो, तेव्हा मजुरी वाचते असे मालकाला वाटते. ती एकट्याच्या कमरेतून वसूल होत असते. पोलादपूरच्या वाड्यांवरची बाई चुंबळीवर हंडा घेते तेव्हा भार कण्याच्या बरोबर वर येतो आणि टेकूचा जाच उरत नाही. पण तो सगळा मानेच्या लहान मणक्यांवर पडतो. म्हणजे युक्तीने भाराची जागा बदलते, भार नाहीसा होत नाही.

ताणलेला बंध लगेच आटत नाही

बंधांचा आणखी एक गुण फारसा कोणी सांगत नाही. दोर फार वेळ ताणून ठेवला तर तो हळूहळू लांबतो, तसा बंधही लांबतो. माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ कामच सोडतात आणि सगळा भार बंधांवर टाकतात. कॅनडातील मॅकगिल आणि ब्राउन यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माणसांना २० मिनिटे पूर्ण वाकवून बसवले. सांध्यांचा गेलेला ताठपणा दोन मिनिटांत निम्मा परत आला, पण अर्ध्या तासानंतरही काहींचा पुरता आलेला नव्हता.

आता आपल्या भातलावणीकडे पाहा. पावसात, चिखलात, तासन् तास कमरेतून वाकलेल्या बायका. त्या उठतात आणि लगेच आव्याची मोळी उचलतात. त्या क्षणी बंध सैल असतात आणि गादी उघडी पडलेली असते. तीच गोष्ट घाटातून गाडी आणणाऱ्या चालकाची. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला ४ ते ६ हादऱ्यांशी सर्वांत जास्त हेलकावतो, आणि खराब रस्त्यावरची गाडी तसे हादरे भरपूर देते. अशा प्रवासानंतर उतरल्याबरोबर त्याला माल उतरवायला लावू नये. दोन-चार मिनिटे चालू द्यावे. सकाळी गादी पाण्याने फुगलेली असते, तेव्हा वाकण्याचा ताण तिच्यावर जास्त पडतो. म्हणून उठल्यावर पहिल्या तासात फार वाकू नये. पहाटे ट्रक रिकामे करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

वाकणे आणि पिळणे एकत्र आले की सर्वांत वाईट. जुलै २०२१ च्या महापुरानंतर महाडच्या घराघरांतून, दुकानादुकानांतून चिखल उपसावा लागला. खाली वाकायचे, फावडे भरायचे आणि पाय न हलवता बाजूला फेकायचे. गादीची वीण वर सांगितली, ती आठवा. कमरेला न पेलणारी हालचाल कोणती असे विचारले तर हीच. फावडे भरल्यावर पाऊल उचलून सगळे अंग वळवावे, कंबर पिळू नये. एवढी एक गोष्ट आज येथून घरी नेली तरी हे व्याख्यान वाया गेले नाही असे मी मानीन.

उसण, पायाळू आणि फोटो

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला लाथ लावून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. तिने बरे वाटले असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. ह्याचे कारण असे की साधी उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. श्रेय जो शेवटी भेटला त्याला मिळते. पण पाठीला धक्का देण्यात धोका आहे, तो टाळावा. अंथरुणात पडून राहणेही हिताचे नाही. झेपेल तितके हिंडतेफिरते राहावे. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूस बधिरपणा येणे, पाऊल उचलेनासे होणे, ह्यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तेथे तासांचा हिशेब असतो.

एमआरआयच्या फोटोत ‘गादी झिजली’ असे लिहून आले म्हणजे माणूस हाय खातो. काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या फोटोंचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्यांपैकी ३७ टक्के आणि ऐंशीच्या वयातल्यांपैकी ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. तेव्हा फोटो पाहून घाबरू नये. माणूस पाहून, तपासून डॉक्टरांनी सांगावे.

हे ऐकून मालकपक्ष म्हणेल, ‘मग ओझ्याचा दोष कुठे राहिला? झीज तर सगळ्यांची होते, आणि ती आनुवंशिकही असते.’ जुळ्या भावांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसला आहे, हे खरे. पण दोर जन्मतः कमजोर असेल तर त्याला अधिक ओझे बांधावे की कमी?

ओझ्याला मर्यादा

‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ अशी पाटी लावून पुष्कळ ठिकाणी जबाबदारी संपवली जाते. पाटीतला सल्ला चांगला आहे. परंतु नुसत्या सल्ल्याने आणि शिकवणीने कामगारांची पाठदुखी कमी होते असे निरनिराळ्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यांत आढळलेले नाही. कमरपट्ट्याचेही तेच. गोणी तीच, जमिनीवर तशीच आणि दिवसाच्या खेपाही तितक्याच राहिल्या, तर नुसत्या पाटीने काय होणार?

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात सर्व परिस्थिती उत्तम असतानाही एका माणसाने उचलायची मर्यादा २३ किलो धरली, आणि गादीवरचा दाब सुमारे ३५० किलोच्या आत राहावा असे म्हटले. सिमेंटची गोणी ५० किलोची. ती जमिनीवरून, कण्यापासून ४० सेंटिमीटरवर धरून एकट्याने उचलली तर नुसत्या स्नायूंचीच ओढ ४०० किलो होते. तागडीचा हिशेब आपण केलाच आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली ओझ्याविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची कमाल सीमा सुचवली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याने ३४ व्या कलमात इजा होईल इतके जड ओझे कोणालाही उचलायला लावू नये असे तत्त्व घातले. पण बाजारातला हमाल कारखान्याच्या भिंतीबाहेर होता. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. ‘माथाडी’ ह्या शब्दातच माथा आहे. क्विंटलभराचे पोते एकेकाळी पाठीवर असे, ते पन्नासांवर आले ते आपोआप नव्हे. उलट युरियाची गोणी २०१८ साली ५० ची ४५ किलोची झाली, ती शेतकऱ्याने खत कमी वापरावे म्हणून. हमालाच्या कमरेचा विचार त्यात नव्हता. तरीही त्याचा फायदा त्याला झाला. ह्यावरून दिसते, की गोणीचा आकार हा काही निसर्गनियम नाही. माणसे तो ठरवतात आणि माणसेच तो बदलतात.

म्हणून आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत आणि पोलादपूरच्या बाजारात काय करता येईल ते थोडक्यात सांगतो. माल जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या वर, कमरेच्या उंचीला येईल अशा ओट्यावर ठेवावा. पिंपे उचलू नयेत, हातगाडीने न्यावीत. जड गोणीला दुसरा माणूस द्यावा आणि त्याची मजुरी कापू नये. बराच वेळ वाकण्याच्या किंवा बसण्याच्या कामानंतर उचलण्यापूर्वी थोडी उसंत द्यावी. ह्यांपैकी एकाही गोष्टीला परदेशी यंत्र लागत नाही. आपण व्यापारी असा, गृहिणी असा, कारकून असा; उद्या आपल्या दारात गोणी उतरेल तेव्हा ती उतरवणाऱ्याला दुसऱ्या हाताची मदत द्या आणि ठेवायला उंच जागा दाखवा. एवढ्याने त्या माणसाच्या कमरेवरचा भार प्रत्यक्ष कमी होईल.